खून आणि मनुष्यवध

मनुष्य मेला, मारणारा सांपडला आणि त्यानेंच मारल्याचें शाबीत झालें, म्हणजे न्यायाचें काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः अवघड काम तेथूनच सुरू होतें. मृत्यु सर्वत्र एकच असतो; पण तो ज्या मनानें घडविला तें मन प्रत्येक वेळीं एकच नसतें. कायद्याच्या तराजूंत तें मन तोललें जातें.

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यांत वडनेर भोलजी नांवाचें गांव आहे. तेथें घडलेली नव्हे, परंतु तसल्या कोणत्याही शेतकरी गांवीं घडूं शकेल अशी एक कल्पित गोष्ट घ्यावी. वऱ्हाडांत शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. एका चुलतभावाचें औत दुसऱ्याच्या धुऱ्यांत वीतभर शिरलें. बोलाचाली झाली, शिव्यांवर गोष्ट गेली आणि एकानें हातांतली काठी दुसऱ्याच्या डोक्यांत घातली. दुसरा मेला. आतां हीच गोष्ट थोडी बदलावी. भांडण मिटलें, एक भाऊ घरीं गेला, जेवला, आणि तिसऱ्या प्रहरीं कुऱ्हाड घेऊन परत आला. दुसरा मेला. तिसरा प्रकार असा कीं, भांडण मुळीं नव्हतेंच. भरलेली गाडी निष्काळजीपणें हांकतांना भाऊ चाकाखालीं सांपडला. तिन्ही वेळां धुऱ्याजवळ एक प्रेत पडलें आणि एका घरांत आकांत झाला. परंतु कायदा या तीन गोष्टींना एक नांव देत नाहीं.

सन १८६० चा भारतीय दंडविधि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला आणि तो ३० जून २०२४ पर्यंत चालला. त्याची जागा आतां भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे. कलमांचे आंकडे बदलले, पण या बाबतींतली मूळ मांडणी तीच राहिली. मोठें वर्तुळ सदोष मनुष्यवधाचें. त्याच्या पोटांत लहान वर्तुळ खुनाचें. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. खुनाला मृत्युदंड किंवा आजन्म कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. खुनाच्या खालच्या पायरीचे पुन्हा दोन भाग पडतात: हेतुपूर्वक केलेलें कृत्य आणि केवळ परिणामाची जाणीव असतां केलेलें कृत्य. निष्काळजीपणानें घडलेला मृत्यु या वर्तुळांच्या बाहेरचा, निराळा गुन्हा होय. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया संस्थानानें १७९४ सालींच खुनाच्या पहिली व दुसरी अशा प्रती कायद्यांत लिहिल्या. आपल्या कायद्यांत तसे शब्द नाहींत. तथापि १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सदोष मनुष्यवधाच्या तीन प्रती मानून हीच मांडणी स्पष्ट केली.

ही सीमारेषा कोठें आंखावी याचा धडा मुंबईच्या उच्च न्यायालयानें १८७६ सालीं गोविंदाच्या खटल्यांत घालून दिला. गोविंदा अठरा वर्षांचा, त्याची बायको पंधरा वर्षांची. त्यानें तिला लाथा मारल्या, बुक्क्या मारल्या; ती पडल्यावर छातीवर गुडघा टेकून तोंडावर दोन-तीन ठोसे लगावले. मेंदूंत रक्तस्राव होऊन ती मुलगी मेली. खालच्या न्यायालयानें हा खून ठरविला होता. उच्च न्यायालयांत दोन न्यायमूर्तींचें मत जुळेना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ति मेल्व्हिल यांच्याकडे गेलें. त्यांनीं प्रश्न असा घातला: मृत्यु कितपत संभवनीय होता? ज्या इजेनें मृत्यूचा नुसता संभव असतो ती एक. जी इजा सृष्टिक्रमानें मृत्यु घडविण्यास पुरेशी असते ती दुसरी. मर्मस्थानीं मारलेला ठोसा बहुधा पहिल्या जातीचा, तरवारीचा घाव दुसऱ्या जातीचा. गोविंदाचा गुन्हा म्हणून खून ठरला नाहीं, सदोष मनुष्यवध ठरला. यावरून त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा जीव स्वस्त ठरला असें कोणी समजूं नये. गुन्हा शाबीतच होता; फक्त तो कोणत्या पायरीचा एवढेंच ठरावयाचें होतें.

दुसरी कसोटी रागाची. गंभीर आणि एकाएकीं झालेल्या चिथावणीनें मनुष्याचा ताबा सुटला, तर कायदा खुनाची पायरी खालीं आणतो. परंतु राग आणि कृत्य यांच्यामध्यें किती वेळ गेला, हें तो घड्याळाकडे पाहून विचारतो. २७ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईंत नौदलाचे अधिकारी नानावटी यांना पत्नीनें परपुरुषाशीं असलेला आपला संबंध सांगितला. त्यांनीं पत्नीला व मुलांना सिनेमागृहीं पोंचविलें, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलें, आणि नंतर त्या मनुष्यास त्याच्या घरीं गांठलें. नऊपैकीं आठ पंचांनीं त्यांना निर्दोष म्हटलें. पण उच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही खुनाचाच निर्णय कायम केला. घरांतून निघाल्यापासून गोळी सुटेपर्यंत सुमारें तीन तास गेले होते. मन आवरण्यास तेवढा वेळ पुरेसा होता. पुढें १९६४ सालीं राज्यपालांनीं त्यांना क्षमा केली, ती गोष्ट निराळी. क्षमेनें गुन्ह्याची व्याख्या बदलत नाहीं.

आतां पुन्हा धुऱ्यावर यावें. काठी आधींपासून हातांत होती, कीं घरांतून आणली? घाव एक होता, कीं पडलेल्या मनुष्यावरही घाव पडतच राहिले? मध्यें किती वेळ गेला? या बारीक गोष्टींवर एका मनुष्याचा प्राण आणि दुसऱ्याच्या मरणाचा न्याय अवलंबून असतो. आणि त्या न्यायाधीशानें पाहिलेल्या नसतात. धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेजाऱ्यानें पाहिलेल्या असतात. मेलेल्याच्या प्रेमानें काठीची कुऱ्हाड करून सांगणारा, किंवा मारणाऱ्याच्या दयेनें मधले तीन तास गिळून टाकणारा, दोघेही न्यायाचें सारखेंच नुकसान करतात. उलटतपासणींत वाढविलेली गोष्ट ढांसळली, कीं तिच्याबरोबर खरीही ढांसळते, आणि पुष्कळदां अपराधी सहीसलामत सुटतो. कायद्यानें पायऱ्या कितीही काळजीपूर्वक बांधल्या, तरी मनुष्य त्यांपैकीं कोणत्या पायरीवर उभा होता, हें अखेर सामान्य माणसाच्या खऱ्या शब्दावरच ठरतें.