आमदारांचा अहवाल आणि आपल्या पैशाचा हिशेब

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वर्षअखेर आली किंवा निवडणूक जवळ आली की आपल्या घरी आमदारांच्या कार्याचा अहवाल येतो. गुळगुळीत कागद, भूमिपूजनाची छायाचित्रे, रस्ते, साकव आणि सभागृहे यांची यादी. आपण छायाचित्रे पाहतो, आपल्या मोहल्ल्याचे नाव त्यात आहे का ते शोधतो आणि मग तो कागद मुलांच्या वह्यांना कव्हर घालण्यास उपयोगी पडतो. आज मला आपणांस एवढेच सांगावयाचे आहे की, कव्हर घालण्यापूर्वी तो अहवाल वाचा. आणि तो कसा वाचावा, हे मुलांनाही शिकवा.

प्रथम प्रश्न असा की, हा पैसा कोणाचा? आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "आम्ही कुठे कर भरतो? आम्हांला इन्कम टॅक्स लागू नाही." हा मोठा गैरसमज आहे. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. दुकानाचे बिल नीट पाहा. त्यावर कराच्या दोन ओळी असतात, एक केंद्राची व एक राज्याची, आणि दोन्ही रकमा सारख्या असतात. पेट्रोलवर राज्याचा वेगळा कर आहे. घर किंवा जमीन खरेदी केली की मुद्रांक शुल्क आले, वीजबिलात वीज शुल्क आले, गाडी घेतली की वाहन कर आला. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर हे वेगळेच. मोलमजुरी करणारी विधवा बाई साबणाची वडी विकत घेते तेव्हा तीही सरकारच्या तिजोरीत भर घालते. तेव्हा या सभागृहात कर न भरणारा एकही मनुष्य नाही, हे प्रथम ध्यानात घ्या.

आता विद्यार्थ्यांसाठी एक छोटे गणित. ज्यांचे वडील नोकरी करतात त्यांनी त्यांची पगारपत्रक-चिठ्ठी मागून पाहावी. महिना दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या पुरुष नोकरदाराचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो. परंतु फेब्रुवारीत ३०० रुपये. असे का? अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात. आपल्या राज्यघटनेनेच या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे एक रुपयाही राज्याला घेता येत नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही, असे घटनेचे २६५ वे कलम सांगते. राज्याच्या करांसाठी हा कायदा करणारी जागा म्हणजे विधिमंडळ. आपण आमदार निवडून देतो तो मुख्यतः या कामासाठी.

या व्यवसाय कराची कथा आपण समजून घेण्यासारखी आहे. महाराष्ट्राने हा कर १९७५ च्या कायद्याने बसवला. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली होती. ज्या हाताला काम हवे त्याला ते देणे ही सरकारची जबाबदारी, ही त्यामागील कल्पना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला होता. पण कामावर येणाऱ्यांची मजुरी कोण देणार? तेव्हा विधिमंडळाने व्यवसाय कर आणला, बागायती जमिनीवर व इतर काही बाबींवर जादा आकारणी केली आणि या करांतून जमेल तितकीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालावी असे ठरवले. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले चार पैसे दुष्काळी गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या चुलीपर्यंत पोहोचले. सभागृहात विचारपूर्वक हात वर झाला म्हणजे काय घडू शकते, त्याचा हा दाखला आहे.

आता अहवालाकडे वळू. त्यातील बहुतेक कामे आमदारांच्या स्थानिक विकास निधीतील असतात. हा निधी २०२२ च्या अर्थसंकल्पात वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. आमदारांनी काम सुचवावयाचे, जिल्हाधिकाऱ्यांनी मान्यता द्यावयाची आणि सरकारी यंत्रणेने ते करावयाचे, अशी याची पद्धत आहे. ५ कोटी ही रक्कम ऐकावयास मोठी वाटते. परंतु तीन लाख मतदारांचा मतदारसंघ धरला, तर माणशी १६७ रुपये येतात. म्हणजे एका नोकरदाराच्या एका महिन्याच्या व्यवसाय कराहूनही कमी!

याउलट राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. विधानसभेच्या २८८ आमदारांचा वर्षाचा निधी एकत्र केला तर तो होतो १,४४० कोटी. मुलांनो, भागाकार करा. राज्य जेव्हा हजार रुपये खर्च करते, तेव्हा त्यातले जेमतेम दोन रुपये आमदार निधीचे असतात. शाळांचे अनुदान, शिष्यवृत्त्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधे, निराधारांचे मानधन, हे सर्व उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णव रुपयांत आहे. त्या रकमेची प्रत्येक मागणी विधानसभेसमोर मतास येते. आपल्या घरी येणारा अहवाल दोन रुपयांविषयी भरभरून बोलतो आणि नऊशे अठ्ठ्याण्णव रुपयांविषयी गप्प राहतो. खेदाची गोष्ट अशी की, आपणही त्याविषयी विचारत नाही.

म्हणून अहवाल हाती आला की तीन गोष्टी तपासा. पहिली, सभागृहात काय केले? आपल्या भागातील शाळा, पाणी, दवाखाना यांविषयी किती तारांकित प्रश्न विचारले, कोणती लक्षवेधी सूचना दिली, उत्तर काय मिळाले? दुसरी, काम "मंजूर" झाले म्हणजे नेमके काय झाले? प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण होणे या चार निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा रस्ता छायाचित्रात दिसतो, पायाखाली येत नाही. तिसरी, हा पैसा कोणत्या खात्याचा? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा केंद्र यांच्या योजनेतील काम असेल, तर ज्याचे श्रेय त्याला द्यावे.

आणि यादीत केवळ आपल्या मोहल्ल्याचे नाव शोधू नका. कब्रस्तानची भिंत जरूर व्हावी. पण तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर आहे का, हा प्रश्न आपल्या भिंतीइतकाच आपला आहे. बाळंतीण कोणत्या वस्तीतली आहे, हे रात्रीची वेळ विचारत नाही.

काही मंडळी म्हणतील, "साहेबांना असे विचारणे बरे दिसते का?" हजरत उमर (रजि.) यांची हकीकत आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला कापडाचा एकेक तुकडा आला असता खलिफांच्या अंगावर पुरा अंगरखा कसा, असे एकाने भर मशिदीत विचारले. खलिफा रागावले नाहीत. मुलाने उभे राहून आपल्या वाट्याचे कापड वडिलांना दिल्याचे सांगितले, तेव्हा विचारणाऱ्याचे समाधान झाले. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे, आणि हिशेब देणे हा कमीपणाही नव्हे.

मात्र हिशेब मागणाऱ्याचे स्वतःचे खाते चोख असावे. घरपट्टी वर्षानुवर्षे थकवावयाची आणि गटार तुंबले म्हणून ओरडावयाचे, हे योग्य नाही. बिल न घेता माल घेतला तर आपण दिलेला कर तिजोरीत पोहोचला की नाही, हे कळण्यास मार्ग राहत नाही. जकात दिली म्हणून कर माफ होत नाही. दोन्ही कर्तव्ये वेगळी आहेत. ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका होतात, तेथे जा. भगिनींनीही जावे. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने आपणांस मिळाला आहे. दहा रुपये शुल्क भरून साध्या अर्जावर माहिती मागता येते व सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या समाजात आमदारांकडे जाण्याचा अर्थ पुष्कळदा एकच असतो: शिफारसपत्र. प्रवेशासाठी, बदलीसाठी, दाखल्यासाठी आपण दारात उभे राहतो आणि काम झाले की मेहेरबानी मानतो. एक चिठ्ठी एका मुलाचे काम करते. अर्थसंकल्पातील एक वाढीव तरतूद हजारो मुलांचे करते. चिठ्ठी मागणारा याचक असतो, तरतुदीविषयी विचारणारा नागरिक असतो. उद्या तुम्ही पुढाऱ्यांसमोर उभे राहाल तेव्हा नम्रपणे उभे राहा, आदराने बोला, पण हातात अर्जाऐवजी हिशेबाची वही असू द्या. शिक्षणाचा एवढा उपयोग आपण करू शकलो तरी या संस्थेच्या श्रमांचे सार्थक झाले, असे मी समजेन.