नगरपरिषदेची विषयपत्रिका आणि आपली वस्ती

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत यापूर्वीच्या वक्त्यांनी राज्यघटना, शिक्षण, साहित्य अशा मोठ्या विषयांवर आपणांस मार्गदर्शन केले. आमच्या वाट्याला गटार, नळ आणि दिवाबत्ती हा विषय आला आहे. विषय आम्हीच मागून घेतला. कार्यवाह म्हणाले, "साहेब, यावर तासभर काय बोलणार?" आम्ही म्हटले, "तासभर नको, अर्धा तास द्या. पण विषय हाच द्या." आम्ही विद्वान नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि वीस-बावीस वर्षे बँकेच्या काऊंटरवर बसून लोकांची व्हाऊचरे तपासतो आहोत. तेव्हा एखादे व्हाऊचर तपासावे तसाच हा विषय आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम इतिहासातील एक नोंद सांगतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणां सर्वांना पाठ आहे. पण त्यात नगरपालिकेच्या कारभाराचा जो भाग आहे तिकडे आपले लक्ष जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे १९२४ सालीच खुले झाले होते! तरीही तीन वर्षे एक ओंजळ पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो पावले तळ्याकडे निघाली, तेव्हा त्या ठरावाचे पाणी झाले.

पुढची नोंद तितकीच महत्त्वाची आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पुरी होत होती. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. आणि सभागृहात झालेला ठराव सभागृहातच मोडताही येतो. म्हणून त्या सभागृहात काय चालते यावर आपला डोळा हवा.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपली नगरपरिषद १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाखाली चालते. रस्ते झाडणे, दिवे लावणे, पिण्याचे पाणी देणे, गटारे बांधणे व साफ ठेवणे, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे, स्मशानभूमीची व्यवस्था करणे ही तिची आवश्यक कर्तव्ये आहेत. म्हणजे ही कामे कोणाची मेहेरबानी नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपरिषदेला घटनेत स्थान मिळाले आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना तेथे राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांच्या जागा निम्म्या आहेत.

काम कसे होते ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. आधी नगर अभियंता अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मंजुरी लागते. विषय समितीकडून किंवा थेट सर्वसाधारण सभेपुढे येतो, ठराव होतो, प्रशासकीय मंजुरी मिळते. मग निविदा निघते, ठेकेदाराला कार्यादेश दिला जातो. काम झाल्यावर अभियंता ते मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहितो आणि त्या नोंदीवरून देयक निघते. ठेकेदाराची सुरक्षा ठेव मात्र दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत नगरपरिषदेकडे राहते. बँकेत एक कर्मचारी व्हाऊचर तयार करतो आणि दुसरा पास करतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की बँकेत खातेदार पासबुक घेऊन काऊंटरवर येतो आणि भांडतो. नगरपरिषदेत आपण खातेदार असूनही पासबुक भरून घ्यायला कधी जात नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगत नाही. आमचीच गोष्ट सांगतो.

आमचे वडील याच गावी सफाई कामगार होते. सभेच्या दिवशी ते पहाटे सभागृह झाडीत, खुर्च्या पुसून मांडीत आणि सभासद येऊ लागले की बाहेर पायरीवर जाऊन बसत. आम्ही शिकलो, बँकेत लागलो, पॅन्ट-शर्ट घालून हिंडू लागलो. पण सभागृहाच्या बाबतीत आम्हीही पायरीवरच राहिलो. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते, प्रेक्षकाला बोलता आले नाही तरी बसून ऐकता येते, हे आम्हाला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. वडील ज्या खुर्च्या पुसत होते त्यांतली एक प्रेक्षकांसाठी होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आपल्या वस्तीत बंदिस्त गटाराचे काम झाले, ते आपणां सर्वांना माहीत आहे. तेव्हा नगरपरिषदेची मुदत संपलेली होती आणि प्रशासक कारभार पाहत होते. गटार कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आले आणि थांबले. पुढच्या घरांत पावसाळ्यात पाणी शिरले. एका घरातल्या मुलीची दहावीची पुस्तके भिजली. ती मुलगी आज येथे समोर बसली आहे.

त्याच सुमारास त्या कामाच्या देयकाचा धनादेश आमच्या काऊंटरवर जमा झाला. आम्ही त्याची नोंद केली. काम अपुरे आहे हे आम्हाला दिसत होते आणि पैसे पुरे मिळाले असावेत असा संशय आला. मित्रहो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही, हा आमच्या नोकरीचा धर्म आहे आणि तो आम्ही मोडला नाही, मोडणारही नाही. दुसरे असे की ते ठेकेदार आपल्यातलेच, ओळखीचे गृहस्थ. आपल्या या सभागृहावरचे पत्रे त्यांनीच दिले आहेत. पावसाचे पाणी या पत्र्यांवरून घरंगळत होते आणि खाली वस्तीत घरात शिरत होते. आम्ही काही महिने गप्प बसलो. हा आमचा दोष आम्ही आज आपणांसमोर कबूल करतो.

मग ध्यानात आले की जे आम्ही बँकेतून सांगू शकत नाही ते नगरपरिषदेत उघड विचारता येते. तो पैसा सार्वजनिक आहे आणि त्याचा कागदही सार्वजनिक आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर कोणाही नागरिकाला तो मिळतो. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद पाहण्याचा, इतकेच नव्हे तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचाही हक्क त्यात आहे. आम्ही रजा काढली, बँकेचा उल्लेख कोठेही न करता, वस्तीतील रहिवासी म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज केला. अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागितली.

अर्ज घेताना तेथील लिपिक हसून म्हणाले, "साहेब, तुमच्याच घराची दोन वर्षांची पाणीपट्टी थकली आहे." आम्ही वरमलो. ते खरेच होते. त्याच दिवशी पाणीपट्टी भरली, पावती घेतली आणि मग अर्जाची पोच घेतली. हक्क मागणाऱ्याचा हात स्वच्छ असावा, हा धडा त्या लिपिकाने आम्हाला फुकट दिला.

कागद आले. मोजमाप पुस्तिकेत गटाराची लांबी १२० मीटर होती. रविवारी सकाळी मंडळाच्या अभ्यासिकेतली चार मुले घेऊन आम्ही टेप लावला. लांबी ८२ मीटर भरली. दोनदा मोजली. मुलांनी वहीत आकृती काढली, त्यावर शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि मुख्याधिकाऱ्यांकडे निवेदन दिले. आरोप केला नाही, घोषणा दिली नाही. "पुस्तिकेत १२० आहे, जागेवर ८२ आहे, कृपया आपल्या अभियंत्यांसह पाहणी व्हावी", एवढेच लिहिले. पाहणी झाली. सुरक्षा ठेव अजून नगरपरिषदेकडेच होती, म्हणून ठेकेदाराला नोटीस निघाली आणि गटार पुढे सरकले.

सगळे गोड झाले असे समजू नका. शेवटची तीन घरे अजून राहिली आहेत. तेथे उतार उलटा आहे, त्याला वेगळे अंदाजपत्रक लागणार आहे. ते गृहस्थ आमच्याशी बोलत नाहीत. लग्नात समोर आले तर मान फिरवतात. काही सभासदांनी आम्हाला विचारले, "आपल्याच माणसाला उघडे पाडलेत?" त्यांना आमचे उत्तर एवढेच की पाणी ज्यांच्या घरात शिरले तीही आपलीच माणसे आहेत. पत्र्यांबद्दल आम्ही त्यांचे आजही ऋणी आहोत. पण देणगीची पावती वेगळी आणि गटाराचे माप वेगळे. दोन्ही एका वहीत लिहिता येत नाहीत.

आणखी एक विषय आमच्या फार जवळचा आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करणे आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे यास बंदी आहे. अशा कामात मृत्यू आल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण भरपाईची वेळच येऊ नये यासाठी हातमोजे, गमबूट आणि मैला ओढणारे यंत्र लागते. ही खरेदी कोठे ठरते? त्याच सभेत, त्याच विषयपत्रिकेवर. "साहित्य खरेदीस मंजुरी देणे" अशी एक नीरस ओळ असते. त्या ओळीत कोणाच्या तरी बापाचा जीव असतो. आमच्या वडिलांनी उभी नोकरी उघड्या हातांनी केली, कारण ती ओळ वाचणारे कोणी नव्हते.

पैसा नाही, असे उत्तर मिळते. ते काही अंशी खरेही आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून शासनाचे अनुदान, वित्त आयोगाचा निधी, घरपट्टी आणि पाणीपट्टी यांवरच गाडा चालतो. म्हणून तर अंदाजपत्रक वाचले पाहिजे. पैसा थोडा असला की तो कोणत्या गल्लीत जातो हा प्रश्न मोठा होतो. दलित वस्ती सुधारणेचा निधी खरोखर वस्तीत उतरला की वस्तीला लागून जाणाऱ्या हमरस्त्यावर, हे कागद आणि जागा दोन्ही पाहिल्याशिवाय कळत नाही.

राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका बरीच वर्षे रखडल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. आपल्याकडेही पुन्हा निवडून आलेले सभागृह बसले आहे. आपल्या प्रभागातून राखीव जागेवर आलेल्या ताई नव्या आहेत. त्यांना हार घालून आपण मोकळे झालो. त्या सभेत एकट्या उठून बोलतील तेव्हा मागच्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर आपली चार माणसे बसलेली त्यांना दिसली, तर त्यांचा आवाज स्थिर राहील.

तेव्हा मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळवून मंडळाच्या फलकावर लावावी आणि दोन सभासदांनी आळीपाळीने सभेस जावे. दुसरी, विद्यार्थ्यांनी वस्तीचा नकाशा काढावा. कोणता नळ कोरडा, कोणता दिवा बंद, कोठे गटार तुंबते हे तारखेसह वहीत लिहावे. ही वही स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा अधिक शिकवील. तिसरी, थकलेली पाणीपट्टी आपण सर्वांनी मार्चअखेर भरावी. या सूचनेवर टाळ्या पडणार नाहीत हे आम्हास माहीत आहे!

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्या उरलेल्या तीन घरांच्या गटाराचा विषय आहे. आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. जिची पुस्तके भिजली होती ती मुलगीही येणार आहे. ठराव होईल की नाही ते सांगता येत नाही. झाला तर काम होईपर्यंत टेप जवळ ठेवायचा आहे आणि नाही झाला तर पुढच्या सभेला पुन्हा जायचे आहे. ज्यांना येता येईल त्यांनी जरूर यावे. खुर्च्या मोकळ्या असतात.

अर्धा तास संपला.