बुडालेलं भात



आषाढात काळू, भातसा फुगल्या, की शहापूर-मुरबाडकडची नदीकाठची खाचरं पाण्याखाली जातात. रोपाला डोळे नाहीत. मग आपण बुडालो हे त्याला कळतं कसं?

रोपाच्या अंगात इथिलीन नावाचा वायू सतत तयार होत असतो. एरवी तो हवेत निघून जातो. पाण्यातून मात्र वायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून तो आतच कोंडतो, आणि हा कोंडमारा हाच निरोप! मग जिबरेलिन नावाचं दुसरं संप्रेरक जोर धरतं आणि रोप डोकं वर काढायला धडपडतं.

पण वाढायला शिदोरी लागते. पाणी खोल असलं, तर रोप वर पोचण्याआधीच शिदोरी सरते आणि पूर ओसरताच ते आडवं पडतं. तेव्हा नुसत्या उंचीवर भुलू नका; पाण्याला लवकर वाट करून द्या.

ओडिशातल्या एका जुन्या वाणाची रीत उलटी. बुडाला, की वाढ आवरून तो दम धरतो! त्याचा 'सब-१ए' हा जनुक २००६ साली ओळखला गेला. त्याच वाणाचा हा गुण उतरवलेला 'स्वर्णा सब-१' भारतात २००९ साली प्रसृत झाला. तो सुमारे दोन आठवडे बुडी सोसतो.

असा गुण कुणाच्या कणगीत दडला असेल, कोण सांगावं? म्हणून घरचं जुनं बियाणं मोडीत काढू नका. आणि गुरुजी, दोन कुंड्यांत भात पेरा, एक बुडवा, आणि मुलांना रोज मोजू द्या.