एका रस्त्याची शिकवण



"मुलगा शेवटी धंद्यातच जाणार, मग दहावीपुढे शिकवून काय उपयोग?" असे आपल्यातील पुष्कळ पालक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील एका रस्त्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. तो रस्ता म्हणजे महात्मा फुले मंडईपासून हुतात्मा चौकाकडे जाणारा दादाभाई नौरोजी रस्ता.

अठराव्या शतकात मुंबई शहराभोवती कोट होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेतील गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शहर कोटात मावेनासे झाले. तेव्हा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला आणि रुंद रस्ते निघाले. या रस्त्याला पूर्वीचा एक गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावावरून हॉर्नबी रोड म्हणत.

पेढ्या, बँका, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, मोठमोठी दुकाने येथे उभी राहिली. १८९६ साली असा दंडक झाला की, तळमजल्यावर कमानींची पडवी ठेवून ती पादचाऱ्यांना मोकळी सोडावी. इमारत ज्याची त्याची, थाट ज्याचा त्याचा. पण ऊनपावसात चालणाऱ्याला आडोसा सर्वांनी द्यावयाचा! आजही त्या पडव्यांतून हजारो माणसे जातात-येतात. या रस्त्याचे जुने रूप जपण्यासाठी दुकानदार व रहिवासी यांच्या सहकार्याने जे काम झाले, त्याची २००४ साली युनेस्कोने पुरस्कार देऊन दखल घेतली.

आता मुख्य गोष्ट. या श्रीमंत रस्त्यावर, स्टेशनच्या समोर, एक शाळा आहे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आदींनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. हे बंधू व्यापाऱ्याचे पुत्र. रोगे स्वतः आपल्या कोकणी समाजातील व्यापारी. १८९३ साली अंजुमनची इमारत येथे उभी राहिली. समाजाने भर बाजारपेठेत शाळा बांधली, कारण शिक्षणावाचून व्यापार टिकत नाही हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

आणि पुढे रस्त्याला नाव मिळाले ते कोणाचे? एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या दादाभाईंचे. ते १८५५ साली विलायतेला गेले ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून. १८५९ साली त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला कशी वाहून जाते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. हिशेब कळणारा माणूस आपल्या दुकानाचाच नव्हे, तर देशाचाही हिशेब मांडू शकतो!

पालकहो, मुलाला खुशाल गल्ल्यावर बसवा. परंतु जागेचा करारनामा, बँकेचा कागद, कराचे विवरणपत्र त्याला स्वतः वाचून समजू द्या. मुलीलाही तितकेच शिकू द्या. उद्या दुकानाचा हिशेब तीही सांभाळील.

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईस जाल तेव्हा त्या पडवीतून सावकाश चाला. दुकानांच्या काचेतील वस्तू पाहाच, पण समोरच्या शाळेकडेही मान वर करून पाहा. आपल्या वाडवडिलांनी पैसा कोठे लावला, ते तिथे दगडात दिसते.