गरजवंताची संमती



नीतिशास्त्र हा पंडितांचा प्रांत. त्यात कामगार संघटनेच्या माणसाने कशाला शिरावे, अशी शंका काहींना आली असेल. पण आमची सारी उमर एकाच नैतिक प्रश्नाशी झगडण्यात गेली: गरजवंताने दिलेल्या होकाराची किंमत काय? कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मागाहून ‘तुम्हीच तर कबूल झालात’ म्हणायचे, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला. आज तोच प्रश्न दवाखान्याच्या दारात नेऊन पाहू.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात मेकन हा कापसाचा मुलूख होता. तेथे १९३२ साली सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळे पुरुष निवडले. बहुतेक वाट्याने जमीन कसणारे. ३९९ जणांना उपदंश, म्हणजे आपण गरमी म्हणतो तो रोग होता. २०१ जणांना नव्हता. रोगावर उपचार न केल्यास देहाचे काय होते, एवढेच खात्याला पाहायचे होते. त्यांना मात्र सांगितले, तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही औषध देतो. पाठीच्या कण्यात सुई खुपसून पाणी काढले, आणि त्यालाच खास मोफत उपचार म्हटले! शिवाय जेवण, आणि मेल्यावर अंत्यविधीला पैसे. हे पैसे कशासाठी? प्रेत चिरून पाहण्यास घरच्यांनी परवानगी द्यावी म्हणून. गरिबाला आपल्या मातीची केवढी काळजी असते, हे हेरूनच हे आमिष लावले होते.

पुढे पेनिसिलिन हे या रोगावरचे सर्वमान्य औषध ठरले. ते त्यांना दिले नाही. १९४७ साली न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेची संमती हवीच, हे त्यातले पहिले कलम. न्यायाधीश अमेरिकनच होते, बरे का! १९६६ मध्ये खात्यातल्याच पीटर बक्स्टन या नोकराने वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली. १९६९ मध्ये तज्ज्ञ बसले, आणि चालू द्या म्हणाले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली, तेव्हा कोठे प्रयोग थांबला.

कोणी विचारील, त्यातून हजारोंचे भले झाले असते तर? हा पक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संप करावा की नाही, हे ठरवताना आम्हीही परिणामच मोजतो. पण संपात हिशेब करणारा आणि उपाशी राहणारा एकच असतो. तेथे हिशेब एकाने केला आणि मोल दुसऱ्याने दिले.

१९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे सांगितली: व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय. पहिल्या दोहोंविषयी डॉक्टर मंडळी बोलतात. तिसऱ्याविषयी आपल्याला बोलावे लागेल: प्रयोगाचा भार कोणाच्या अंगावर, आणि लाभ कोणाच्या घरी?

आपल्याकडे २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीत निरक्षर माणसाची संमती त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यावी लागते. नियम चांगला आहे. परंतु घरात आजारी मूल आणि हाती पैसा नाही, अशा माणसाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ साक्षीदार कोठून देणार? म्हणून वस्तीत आम्ही सांगतो: कागद घरी न्या, जाणत्याकडून वाचून घ्या, आणि नकार दिला तर नेहमीचे औषधपाणी चालू राहील ना, हे अंगठा उठवण्याआधी चारचौघांसमोर विचारून घ्या.