लँग्स्टन ह्यूजची स्पॅनिश आणि आपली इंग्रजी

(गंगापूर रोड, नाशिक इथं तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



विषय एका कवीचा आहे, पण हारतुरे घालायला मी उभा राहिलेलो नाही. लँग्स्टन ह्यूज हा अमेरिकेतला काळा कवी. १९०१ साली जन्मला, १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. हार्लेमचा कवी, ब्लूजचा कवी म्हणून त्याचं नाव घेतात. त्यानं स्पॅनिश कवितेचे अनुवाद केले, त्याबद्दल मला आज बोलायचंय.

मिसूरीतल्या काळ्या पोराला स्पॅनिश आली कुठून? बापाकडून. बाप जेम्स ह्यूज वर्णभेदाला कंटाळून मेक्सिकोत निघून गेला. तिथं जमीनजुमला केला, पैसा केला. आणि पैसा आल्यावर हा माणूस मागं राहिलेल्या काळ्यांचाच तिरस्कार करू लागला. मेक्सिकोतल्या गरीब आदिवासींचाही. स्वतःच्या कर्मानं मागं पडलेत, असं त्याचं गणित.

हा बाप ओळखीचा वाटतो की नाही? त्याला शोधायला गंगापूर रोड सोडून जावं लागणार नाही. फ्लॅट घेतला, आडनाव बदललं, बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत नेला. वस्तीतला चुलतभाऊ दारात आला की याच्या कपाळाला आठ्या. पोरं इंग्रजी शाळेत. का, तर वस्तीची भाषा तोंडात राहू नये म्हणून. ज्या व्यवस्थेनं याला लाथाडलं, तिचाच चष्मा यानं डोळ्यांवर चढवलाय.

पोरगा १९१९ साली बापाकडं गेला, १९२० साली पुन्हा गेला. टोलुका शहरात राहिला, इंग्रजीच्या शिकवण्या केल्या, स्पॅनिश शिकला. मेक्सिकोच्या वाटेवर, आगगाडी मिसिसिपी ओलांडत असताना त्याला नद्यांवरची कविता सुचली. १९२१ साली ती ‘क्रायसिस’ मासिकात आली. संपादक होते ड्युबॉइस. याच ड्युबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१६ पर्यंत शिकले, तिथं ह्यूज १९२१ साली दाखल झाला आणि वर्षभरात सोडून गेला.

बापानं स्पॅनिश हिशेबाच्या वहीला लावली. लेकानं काय केलं ते बघा.

१९३० साल. इथं, आपल्या नाशकात, २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास क्यूबात, हवानाला, ह्यूज आणि निकोलास गियेन यांची गाठ पडली. गियेन आफ्रिकी वंशाचा क्यूबन कवी. ह्यूज ब्लूजच्या चालीवर लिहीत होता. गियेननं त्याच वर्षी क्यूबातल्या काळ्यांच्या ‘सोन’ या गाण्या-नाचण्याच्या चालीवर कविता छापल्या. लोक ज्या चालीवर रडतात-नाचतात ती चाल कवितेला चालते, हे दोघांना पटलेलं होतं. आपल्याला ते सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी शिकवलंय. त्यासाठी हवानाला जायची गरज नव्हती. पुढच्याच वर्षी हवानाच्या समुद्रकिनाऱ्यावर ह्यूजला काळा म्हणून आत सोडलं नाही, वर पोलिसांनी धरून नेलं. देऊळ काय नि किनारा काय, दारावरचा पहारा एकच. तरी त्यानं गियेनला सोडलं नाही. १९४८ साली बेन कॅरुथर्सच्या साथीनं गियेनच्या कवितांचं इंग्रजी पुस्तक आणलं, ‘क्यूबा लिब्रे’.

१९३७ साली तो स्पेनमध्ये होता. फ्रँकोच्या फॅसिस्ट फौजा माद्रिदच्या वेशीवर, आणि हा बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’ या काळ्यांच्या पेपरचा बातमीदार. लोकशाहीच्या बाजूनं अमेरिकेतले काळे स्वयंसेवक लढत होते. समोर फ्रँकोच्या फौजेत मोरोक्कोहून आणलेले मूर. तेही गुलाम मुलखातले! गुलामाच्या हातात बंदूक देऊन त्याला दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर सोडलं होतं. ह्यूजनं त्यावर कविता लिहिली. दंगलीत आपली पोरं पुढं कोण करतं, आणि केसेस शेवटी कुणाच्या नावावर राहतात, हे तुम्हाला मी काय सांगू?

त्या वेढ्यातच त्यानं लोर्काचे अनुवाद हाती घेतले. लोर्काला फ्रँकोवाल्यांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या होत्या. त्याचं ‘रोमान्सेरो गितानो’ हे जिप्सींच्या जगातून उचललेलं. जिप्सी म्हणजे पोलिसांच्या लेखी जन्मतः चोर. आपल्याकडं १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली कायदा गेला, ठाण्यातली नजर गेली नाही. अल्बेर्ती, आल्तोलागिरे या स्पॅनिश कवींची मदत घेऊन ह्यूजनं काम केलं. ते छापून आलं १९५१ साली, चौदा वर्षांनी. १९५७ साली गाब्रिएला मिस्त्रालच्या कविता आणल्या. चिलीच्या खेड्यापाड्यांत शिकवलेली ही शिक्षिका, १९४५ ची नोबेलवाली.

त्याची मूर्ती करू नका. १९५३ साली मॅकार्थीच्या समितीनं बोलावलं तेव्हा तो नमला, आपल्याच जहाल कवितांपासून लांब सरकला. गियेनच्या हवानी बोलीला अमेरिकन काळ्यांची बोली दिली, त्यावरही आक्षेप आहे: हवाना म्हणजे हार्लेम नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण आपल्याकडचा रोग उलटा आहे. मराठीत परदेशातला हमाल आला की तो सदाशिवपेठी बोलायला लागतो. घाम गाळणारा माणूस ‘स्वेदबिंदू’ म्हणतो! वस्तीची भाषा अनुवादात धुऊन काढायची नाही, एवढं तरी ह्यूजकडून घ्या.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव ब्लॅक पँथरवरून आलं. इंग्रजीतून आपण त्या काळ्यांना वाचलं. नामदेव ढसाळ इंग्रजीत गेला तो दिलीप चित्र्यांच्या हातून. त्यांचे उपकार मानू. पण आपली कविता दुसऱ्यानं पोचवायची, जगाची कविता दुसऱ्यानं निवडून आणायची, हे किती दिवस? कुणाला आत घ्यायचं हे अनुवादक ठरवतो. ते दारही आपल्याला उघडता आलं पाहिजे.

तेव्हा तुम्ही शिकताय ती इंग्रजी बापासारखी वापरणार की लेकासारखी, ते आज ठरवा. एकेकानं एक भाषा धरा. स्पॅनिश धरा, नाहीतर शेजारची तेलुगू, कन्नड धरा; तिथंही आपलीच माणसं लिहितायत. एक कवी घ्या. अनुवाद करा आणि छापायच्या आधी वस्तीत मोठ्यानं वाचा. आईला कळला नाही तो शब्द बदला. चौदा वर्षं लागली तर लागू द्या.

जयभीम.