चित्रांचं पुस्तक आणि मुलाचं मन



पोळ्याला आपण सगळे बैल सारखेच सजवतो. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. पण त्यांच्या धन्याला विचारा, दोन बैल कधी सारखे असतात का? तो हसेल. एक तापट, दुसरा गरीब. एकाला नुसती हाक पुरते, दुसऱ्याला चुचकारावं लागतं. हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. नवल हे की, बैलांविषयी जे आपण जाणतो ते मुलांविषयी मात्र विसरतो. शेजारचा पोरगा घडाघडा बोलतो, मग आपलाच असा घुम्या का, ही काळजी आपल्याला खात राहते.

लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांतलं एक जगप्रसिद्ध पुस्तक बैलावरच आहे. त्या बैलाचं नाव फर्डिनंड. १९३६ साली ते अमेरिकेत निघालं. मजकूर मन्रो लीफ यांचा, चित्रं रॉबर्ट लॉसन यांची. गोष्ट मात्र स्पेनमधली. इतर खोंड दिवसभर टकरा खेळतात. फर्डिनंड बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. आईला वाटतं, पोर एकटं पडलं. ती त्याला विचारते, त्याचं म्हणणं ऐकते आणि तो सुखात आहे असं पाहून त्याला तसाच बसू देते. पुढे माद्रिदची माणसं झुंजीसाठी बैल निवडायला येतात. नेमका त्याच वेळी फर्डिनंड भुंग्यावर बसतो. भुंगा डसतो, बैल उधळतो आणि हाच सर्वांत मारका असं समजून ते त्याला घेऊन जातात. भर मैदानात तो काय करतो? बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत स्वस्थ बसून राहतो! शेवटी त्याला घरी आणून सोडावं लागतं. ज्या वर्षी हे पुस्तक निघालं, त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली होती. पुढे फ्रँकोच्या राजवटीत तिथे या पुस्तकावर बंदी होती.

आता एक गंमत पाहा. बूच निघतं ते झाडाच्या सालीपासून. पण या चित्रकारानं फांद्यांना बाटल्यांची बुचं फळांसारखी लटकवली आहेत. मजकुरात त्याबद्दल अवाक्षर नाही. अक्षरांवरून घाईनं नजर फिरवणाऱ्या मोठ्या माणसाला ती दिसत नाहीत. ज्याला अजून 'ग म भ न' येत नाही, ते मूल मात्र नेमकं तिथे बोट ठेवतं. मोठ्यांना न दिसलेलं मला दिसलं! आत्मविश्वासाचं बी रुजतं ते अशा वेळी.

कुणी म्हणेल, "अहो, प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली बसला, तर गावाचं काम कोण करणार?" शंका रास्त आहे. तिचं उत्तर लिओ लिओनी यांच्या १९६३ सालच्या 'स्विमी' या पुस्तकात सापडतं. मोठ्या माशांच्या धाकानं लहान लाल मासे दडून बसलेले असतात. स्विमी एकटा काळा. तो त्यांना मिळून एका मोठ्या माशाच्या आकारात पोहायला शिकवतो आणि आपण स्वतः त्या माशाचा डोळा होतो. सगळेच लाल असते, तर डोळा कुठून आला असता?

शिक्षक बंधुभगिनींनो, मराठीतही माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेनं स्वतः चित्रं काढून सुरेख पुस्तकं दिली आहेत. पण पुस्तक संपतं न संपतं तोच आपण विचारतो, "तात्पर्य काय?" आणि तिथेच सारं फिसकटतं. तात्पर्य एकच असतं आणि ते गुरुजींच्या खिशात असतं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग चलाख मूल तुमच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतं आणि मागच्या ओळीतलं मान खाली घालतं.

त्याऐवजी असं करून पाहा. पुस्तक एकच असलं तरी मुलांना जवळ अर्धगोलात बसवा. चित्र दाखवा आणि थांबा. "तुला काय दिसतं?" एवढंच विचारा. भलतंच उत्तर आलं तरी 'चूक' म्हणू नका. "कुठे दिसलं, दाखव बरं," असं म्हणा. फर्डिनंडच्या आईनं तरी दुसरं काय केलं? विचारलं आणि ऐकून घेतलं.

घरी पुस्तक नसेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्रही चालेल. उत्तर यायला वेळ लागला, तर लागू द्या.